जालन्याचा रोबो आणि दाजींचा उलटा बाक

ताईचा फोन आला, "तुझे दाजी धड जेवून न्हाई राह्यले. कारखान्यात रोबो आलाय." दुसऱ्या दिवशी पहाटेच पुण्याहून औरंगाबादची एसटी धरली. तिथून जालना दीड तास. रस्त्यातले खड्डे मोजायचा नाद सोडा. नवीन जालन्यात उतरलात तर मोसंबीचा रस प्या, दहा रुपयांत जीव थंड होतो. रिक्षाचं भाडं मात्र बसायच्या आधी ठरवा.

दाजी वीस वर्षं पेरणी यंत्राच्या लोखंडी चौकटींचं वेल्डिंग करतात. ताईच्या हातची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी समोर होती (हॉटेलात शोधू नका, मिळणार नाही), तरी ते घास चिवडत बसले. रोबोचं वेल्डिंग सुरेख, पण चौकट थंड झाली की वाकडी! पुण्याहून आलेल्या इंजिनिअरला कारण सापडेना. दाजींना ते ठाऊक होतं. तापलेलं लोखंड गार होताना ओढ घेतं, म्हणून ते आधीच पाचर मारून चौकटीला किंचित उलटा बाक देतात. ड्रॉइंगमध्ये हे कुठंच नाही.

"सांगितलं तर उद्या माझी गरज काय, पाव्हणं?"

मी शहाणपणा केला. "बिलकुल सांगू नका."

सकाळी अंबड रोडवरच्या कारखान्यात मीही गेलो. जाळीआड रोबोचा पिवळा हात ठिणग्या उडवत होता. बाहेर दोघं जण वाकड्या चौकटी टेम्पोत चढवत होते. "चालून जाईल," एक म्हणाला. दाजींनी एक चौकट उचलली, एक डोळा मिटून पाहिली आणि थेट इंजिनिअरकडे गेले.

"साहेब, टेम्पो थांबवा. अन् मला पाचर द्या."

त्यांनी बाक दिला, रोबोनं जोड भरला. चौकट गार होईपर्यंत आम्ही चहा घेतला, पण कोणाचं लक्ष चहात नव्हतं. पट्टी लावली. बराबर! मालकांनी तिथंच ठरवलं, चौकट दाजींनी बसवायची, वेल्डिंग रोबोनं करायचं.

परतताना मी विचारलं, "का सांगितलंत?"

"वाकडी चौकट कोणाच्या तरी वावरात जाती. पेरताना यंत्राचा एक फण मातीत खोल, एक वर. बी उगवत न्हाई. मंग शिव्या रोबोला न्हाई, आपल्याला."

पुण्यात परत आल्यावर माझ्या सल्ल्याची लाज वाटली. आपलं कोणी ऐकलं नाही याचा एवढा आनंद मला पहिल्यांदाच झाला. काल दाजींना फोन लावला. इंजिनिअर आता बाकीच्या जोडांचंही विचारतोय म्हणे.

"मग, सांगितलंत?"

"हे सांगून येत न्हाई. म्हणलं, साहेब, हातमोजे घाला, महिनाभर माझ्यासंगं उभं राहा."

"आणि तो?"

"आज तिसरा दिवस. माझ्या आधी येऊन राह्यलाय."