चित्रातली माणसं

टिळेकरांच्या बायकोचा, मेधावहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. "शोभाताई, हे उठत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग पुन्हा तेच, अगदी तशाच आवाजात. ॲम्ब्युलन्सला कळवलंत का, दार उघडून ठेवलंय का, त्यांचा कतार आयडी कुठे आहे, असं विचारत मी गाडी पुन्हा बाहेर काढली. दोह्यातल्या अल मन्सूराला, त्यांच्या इमारतीत पोचले तर लिफ्ट बंद. चार मजले चढताना मला वर जायचं नव्हतं... जिन्यातच थांबावं, म्हणजे वरचं काही खरं होणार नाही, असं वाटत होतं. पण गेले. टिळेकर कुशीवर झोपले होते, चष्मा उशीजवळ घडी करून ठेवलेला. डॉक्टर नंतर म्हणाले, झोपेतच गेले.

परदेशात माणूस गेला की रडण्याच्या आधी कागद लागतात. दाखला, दूतावासाचं पत्र, पासपोर्ट रद्द केल्याचा शिक्का, कार्गोची पावती. ते सगळं मी केलं. तिसऱ्या दिवशी टिळेकर नाशिकला गेले. वर्ल्ड कप तोंडावर आला असताना गेले. मेट्रोच्या आपण तपासून मान्य केलेल्या वळणांवरून लोक स्टेडियमला कसे जातात ते बघायला तिकीट काढू म्हणत होते, पण गर्दीत चेंगराचेंगरी झाली तर, म्हणून काढत नव्हते.

कारण टिळेकर भित्रे होते. हे मी प्रेमाने वगैरे म्हणत नाही, तसे ते होतेच. रेल्वेच्या सुरक्षेचे इंजिनिअर, आमच्या सल्लागार कंपनीत मला पाच वर्षं सीनिअर. घरून निघताना गॅस दोनदा बघायचे, गाडीचं दार तीनदा. आरपी, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, नव्याने करायची वेळ आली की महिनाभर त्यांचं जेवण कमी व्हायचं. मी त्यांची थट्टा करत असे. "टिळेकरसाहेब, तुम्ही लग्नात अंतरपाटाचीही मजबुती तपासली असेल." त्यावर ते गंभीरपणे म्हणायचे, "नाही. पण मांडवाचे खांब बघितले होते."

मेट्रोसाठी अख्खं शहर खणलेलं होतं त्या काळातली गोष्ट. आमच्या एका क्लायंटच्या डोक्यात आलं, की मेट्रो सगळेच करतात, आपण पुढच्या जमान्याचं काहीतरी मांडू. लांब बंद नळी, तिच्यात हवा जवळजवळ नाही, आणि आतून गोळीसारखी सुटणारी डबी. विमानतळावरून स्टेडियमला, चहा निवायच्या आत. गणितं टिळेकरांनी करायची आणि चित्रं काढणारे डिजिटल आर्टिस्ट मी शोधायचे, अशी वाटणी झाली. माझं काम सोपं असेल असं मला वाटलं होतं. दोन महिने नमुने मागवले. एकाने दोह्यात नारळाची झाडं लावली. एकाने मागे बर्फाचे डोंगर काढले, मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, प्रीमियम दिसतं." एकाची डबी इतकी सुंदर होती की तिला दारच नव्हतं. टिळेकरांनी ते चित्र पाच मिनिटं बघितलं आणि त्यांना घाम फुटला. "आतले लोक बाहेर कसे येणार, शोभाताई? बंद पडली तर?" मी म्हटलं, "अहो, चित्र आहे ते." ते म्हणाले, "चित्रात दार नसेल तर पुढे कोणालाच आठवणार नाही."

शेवटी पुण्याची केतकी मिळाली. पस्तिशीची, घरूनच काम करणारी. तिने पहिल्याच फोनवर विचारलं, "ऊन कुठल्या महिन्यातलं हवंय?" तेव्हाच मी ठरवलं, हीच. दारं तिने काढली, बाहेर पडायची वाट काढली, टिळेकर खूश. मग एके दिवशी तिचा फोन. "मॅडम, मला माणसं द्या. माझ्या संग्रहातली सगळी युरोपातली आहेत, निम्म्यांनी स्वेटर घातलेत." अशा चित्रांत माणसं काढत नाहीत, फोटोतून कापून आणून उभी करतात, हे मला तेव्हा कळलं. त्या शुक्रवारी मी घराजवळ, अल अझीझियाच्या बागेत फिरायला गेले होते. कुटुंबं बसलेली, मुलं पळताहेत. मी चालता चालता मोबाइलवर दहा-बारा फोटो काढले, रात्री न बघता फोल्डर केतकीला पाठवून दिलं. काम संपलं.

पुढच्या गुरुवारी दुपारी केतकीने केलेली चार चित्रं क्लायंटकडे गेली. शुक्रवारी सकाळी टिळेकरांचा फोन. नमस्कार नाही, काही नाही.

"शोभाताई, ती बाई कोण आहे?"

मी लॅपटॉप उघडला. तिसऱ्या चित्रात, डबीच्या दाराशी, अगदी पुढे, लेकराला कडेवर घेतलेली एक तरुण कतारी बाई हसत होती. चेहरा स्वच्छ. कोणाची तरी सून, कोणाची तरी बहीण, तिला ओळखणारा अर्धा दोहा. परवानगी न घेता काढलेला, माझ्या मोबाइलवरचा फोटो. केतकीची काय चूक, तिला हसू आवडलं म्हणून तिने पुढे उभी केली. इथे हा गुन्हा आहे, हे तिला पुण्यात बसून कसं कळणार? मला मात्र कळत होतं. आणि रविवारी सादरीकरण झालं की या चित्रांचे भिंतभर मोठे बोर्ड छापून क्लायंटच्या इमारतीबाहेर लागणार होते.

त्या वर्षी माझ्या नवऱ्याचं कंत्राट संपलं होतं. नवरा, दोन मुलं, तिघांचाही परवाना माझ्या नोकरीवर होता. थोरली बारावीला. मला पोलिसांनी बोलावलं, कंपनीने काढलं, तर चौघांनी बॅगा भरायच्या, परीक्षा मधेच टाकून. मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. सरळ टिळेकरांकडे गेले आणि मला सुचलेला उपाय सांगितला. दुसरी बाई घालून चित्र बदलून घ्यायचं, फाइल नव्याने पाठवायची, जुनी चुकून गेली म्हणायचं. "कोणी बघणारसुद्धा नाही," मी म्हटलं.

"जुनी त्यांच्याकडे आहेच ना," टिळेकर म्हणाले. "छापणाऱ्याने तीच उचलली तर? सांगावं लागेल. का बदललं तेही सांगावं लागेल."

"सांगायचं कोणी?"

ते उठून स्वयंपाकघरात गेले, गॅस बघून आले. मग म्हणाले, "आधी चित्र तर करून घेऊ."

मेधावहिनींनी वरच्या केरळी शेजारणीकडून अबाया, म्हणजे इथल्या बायकांचा काळा पायघोळ झगा, आणला. मी तो घातला आणि भर उन्हात गच्चीवर पाठमोरी उभी राहिले. टिळेकरांनी ठरवून टाकलं होतं, आता चित्रात एकाही माणसाचा चेहरा नको. शेजारी एक प्रवासी हवा म्हणून ते स्वतःच ऑफिसची बॅग घेऊन उभे राहिले, कॅमेरा टाकीवर टायमर लावून ठेवला. केतकीने शनिवारभर बसून चित्र पुरं केलं. मी तिला फक्त एवढंच म्हटलं, की जुना फोटो काढून टाक, कुठेही ठेवू नकोस. माझा आवाज ऐकून तिने काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी क्लायंटच्या इमारतीखाली मी गाडी उभी केली. जायचं मी, हे मला माहीत होतं. दाराच्या कडीवर हात होता. टिळेकरांचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ कोरडे. ते म्हणाले, "तुम्ही बसा. फोटो मी काढले असं सांगतो." मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर घाईघाईने म्हणाले, "वाद घालू नका हो, माझा धीर जाईल." आणि उतरले. गाडीचं दार लावलं, एकदाच, तपासलंसुद्धा नाही.

चाळीस मिनिटं मी गाडीत बसले. इतकी भीती मला आयुष्यात त्याआधी वाटली नव्हती, नंतरही नाही. पोलिसांची गाडी समोरून गेली तेव्हा मी खाली वाकले. वर जावं असं दर मिनिटाला वाटत होतं... गेले नाही. मुलीचं हॉलतिकीट डोळ्यांसमोर येत होतं, हे खरं आहे. पण मी घाबरले होते, हे जास्त खरं आहे.

टिळेकर खाली आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. वरचे अधिकारी वयस्कर कतारी गृहस्थ होते. त्यांनी चित्र बराच वेळ बघितलं. कोणी काढला हा फोटो, एवढंच विचारलं. टिळेकर म्हणाले, मी. त्यांनी समोर बसून सगळ्या मशीनवरून ते चित्र पुसायला लावलं, टिळेकरांकडून चूक मान्य केल्याचं पत्र सही करून घेतलं आणि म्हणाले, "खलास. ती माझीही मुलगी असू शकली असती. तू आलास, म्हणून इथे संपलं." त्या प्रकल्पातून टिळेकरांचं नाव निघालं. पत्र कंपनीच्या फाइलमध्ये गेलं. पुढे दर वेळी परवाना नवा करताना त्यांना ते पत्र आठवायचं, आणि मला ते आठवताना दिसायचे. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. माझी मुलगी परीक्षा देऊन इंजिनिअरिंगला गेली. डबी काही धावली नाही, तो विचार वर्षभरात मागे पडला.

तेराव्यानंतर मी मेधावहिनींना फोन केला आणि सांगितलं, की ते फोटो मी काढले होते. त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला. त्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. मी चिडले, म्हटलं, तुम्ही एवढे घाबरट, तुम्हाला कोणी सांगितलं होतं? तर म्हणाले, मला घाबरायची सवय आहे गं, शोभाताईंना नाही. त्यांना झेपलं नसतं."

 

ते बदललेलं चित्र आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीबाहेर लावलेलं आहे. चहा घ्यायला गेलं की दिसतं. चकचकीत नळी, उघडं दार, दाराशी सगळे पाठमोरे. मी अबायामध्ये ताठ उभी, समोर बघत. फक्त बॅगवाल्या एका प्रवाशाने मान किंचित मागे वळवली आहे, चष्म्याची एक काच आणि गालाचा तुकडा दिसतो. केतकीने विचारलं होतं, हे नीट करू का? घाईत मी म्हटलं होतं, राहू दे. परवा नव्याने आलेल्या एका मुलीने विचारलं, "मॅम, हा माणूस मागे का बघतोय?"

मी म्हटलं, "कॅमेरा खरंच चालू झालाय ना, ते तपासतोय." मग कप धुऊन जागेवर ठेवला आणि कामाला गेले.