सवाष्णीच्या हातचं टोपडं

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी खोटं बोलत होते. आमच्या धरणगावच्या घरी, ओट्यावर, पलीकडच्या गल्लीतल्या गोदाबाई बसल्या होत्या. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. "इंदूबाई, टोपडं मात्र तुमच्याच हातचं," असं त्या म्हणाल्या आणि मी मान डोलवून विचारलं, "विणते की, रंग कुठला हवा?" तेवढ्यात यांचे धुळ्याचे स्नेही नाना दारात येऊन उभे राहिले. पाणी विचारलं तर नको म्हणाले. अक्काला धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि हे तिच्याजवळ होते, तेव्हा मला न सांगताच कळलं. आणि काय सांगू... माझ्या मनात पहिला विचार आला तो अक्काचा नव्हता. आता टोपडं कोण विणणार, हा होता.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. या पुरवणीच्या संपादकांनी मागेच कळवलं होतं, थंडी येते आहे, तुमच्या टोपड्यांची कृती लिहून पाठवा. कृती कुठली पाठवू, कपाळ माझं! मला सुलट आणि उलट टाका ओळखता येतो, इतकंच. चार ओळी विणल्या की निम्मे टाके सुईवरून गळून मांडीत पडतात. विणायची अक्का, नाव व्हायचं माझं. तेव्हा कृतीच्या जागी हे पाठवते आहे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

लग्न म्हणजे काय हे कळायच्या आत अक्का कुंकू पुसून माहेरी परत आली होती. मिशनच्या दवाखान्यातल्या एका मडमेनं तिला विणकाम शिकवलं. सुया विकत कोण आणून देणार? तिनं सायकलच्या चाकातल्या तारा मागून आणल्या आणि टोकं दगडावर घासून गुळगुळीत केली. आता तुम्ही म्हणाल, खानदेशात लोकर कशाला? वैशाखात आमच्याकडे कावळासुद्धा सावली सोडत नाही. पण पौषात शेतांवरून वारा सुटला की तान्ह्या पोरांची डोकी गार पडतात. अक्का टोपडं कपाळाकडून विणायला घ्यायची, मागे टाके कमी करत न्यायची आणि शेवटचे टाके एकाच धाग्यात ओवून आवळायची. ती गाठ सगळ्या बायका आतून मारतात. अक्का बाहेरून मारायची आणि तिच्यावर लोकरीचं फूल बसवायची. "अगं, टाळू लोण्यासारखी असते, गाठ रुतते," म्हणायची. स्वतःला मूल नाही, पण टाळूची काळजी बघा.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या सासूबाईंनी कायदा घालून दिला : "विणेल ती, देशील तू." त्या अक्काच्या सख्ख्या आई, बरं का! बाळाच्या डोक्यावरचं पहिलं वस्त्र सवाष्णीच्या हातचं हवं, विधवेच्या हातचं चालत नाही, असा आमच्याकडचा रिवाज. मग काय, अक्का माजघरात बसून विणायची आणि मी ओट्यावर सुया मांडीवर घेऊन बसायची, सोंग नुसतं! एकदा एका बाईनं "जाळीची वीण कशी घालता, दाखवा ना," म्हणून हट्टच धरला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात आतून अक्का ओरडली, "इंदू, दूध उतू चाललंय गं!" मी धावत आत गेले तर चूल थंडगार. अक्का पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसले तेव्हा.

लढाईत लोकर मिळेनाशी झाली. लोकांना वाटलं, आता इंदूबाईंची टोपडी बंद. अक्कानं यांचा जुना गळपट्टा उसवला, वाकडातिकडा झालेला धागा पाटाला गुंडाळून भिजवला आणि सरळ करून वाळवला. गळपट्टा संपल्यावर स्वतःची शाल काढली. मी म्हटलं, "अक्का, तू काय पांघरशील?" तर म्हणाली, "मला थंडी कुठं वाजते?" वाजत होती. छातीचं दुखणं तेव्हाच सुरू झालं. त्याच सुमाराला ती एकदा टाके मोजता मोजता सहज बोलल्यासारखं बोलली, "टोपडं बाळाच्या डोक्यावर कसं बसतं, ते एकदा बघायचंय मला." सासूबाई तोवर गेल्या होत्या. मग मला भीती कुणाची होती? कुणाचीच नाही. पण बारशाला गेले की मला पहिला पाट मिळायचा, ओटी भरली जायची, बायका माझे हात हातात घेऊन बघायच्या. त्याची गोडी लागली होती मला. मी म्हटलं, "बघू." आणि ते बघू तसंच राहिलं.

सुतक फिटलं, आणि थोड्याच दिवसांत गोदाबाईंच्या नातीचं बारसं आलं. मी रिकाम्या हातांनी गेले. पाळण्याशी बायका जमल्या होत्या, सगळ्यांची नजर माझ्या हातांकडे. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "गोदाबाई, टोपडं नाही आणलं. मला विणता येत नाही. आजवर जी दिली ती सगळी आमच्या अक्कानं विणलेली होती."

वाटलं, आता कुणी तोंडात बोट घालील, कुणी उठून जाईल. तसं काहीच झालं नाही. गोदाबाई म्हणाल्या, "आवं बाई, ते बठ्ठास्ले मालूम शे. गाठ बाहेर कोन ठेवस? तीच." आणि त्यांनी पेटीतून, कडुलिंबाच्या पाल्यातून, एक पिवळं टोपडं काढलं. बाळाच्या बापाचं होतं. मीच त्याच्या बारशात दिलेलं. पाळण्याजवळची एक म्हातारी म्हणाली, "तुमना हातनी दिधं म्हनीसन चालनं." म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि माझ्या हातून आलं म्हणून सगळ्यांना ते चालत होतं. फक्त अक्का दारात आलेली चालली नसती.

माझा संताप संताप झाला. भर बारशात मी बोलून गेले, "ठाऊक होतं तर एकदा तरी बोलवायचं होतं तिला! जन्मभर माजघरात बसून तुमच्या पोरांची डोकी झाकली तिनं!"

गोदाबाई बाळाच्या हनुवटीखाली टोपड्याचा बंद बांधत होत्या. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "आनि तुम्ही तरी तिले कधी लई उनात?"

मी तरी तिला कधी घेऊन आले होते? मी पाट सोडून उठले. ओटी घेतली नाही.

बारशाहून परत आले की अक्का माजघराच्या उंबऱ्यावर उभी असायची. जेवायला काय होतं, कोण कोण आलं होतं, काही विचारायची नाही. तिचा प्रश्न एकच, "रडलं का गं बाळ?" टोपडं घट्ट झालं तर पोर रडतं, म्हणून. त्या दिवशी घरी आले तर माजघरात अंधार होता. उंबऱ्याशी माझे पाय आपोआप थांबले... "नाही रडलं, अक्का," मी म्हटलं, "छान बसलं टोपडं. तू यायला हवं होतंस."