सारखे केलेले गळे

त्या पक्ष्यांचे रंग मी बिघडवले, आणि विचारणा झाली तेव्हा नाव ताईंचं पुढे केलं. आधी हे एवढं लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना स्वतःला सावरून घेण्याचा मोह होणार नाही.

शहराच्या सी-स्कीम भागातल्या आमच्या ऑफिसात फोटो तयार करून द्यायचं काम चालतं. कुर्त्या, रजया, चांदीचे दागिने ऑनलाइन विकणारे व्यापारी फोटो पाठवतात आणि आम्ही ते साफसूफ करून देतो. या धंद्यात एका मालाचे सगळे फोटो एकाच रंगाचे दिसावे लागतात. एक कुर्ती उन्हात टिपली आणि तिचीच जोडीदार ट्यूबलाइटखाली, तर गिऱ्हाईक म्हणतं रंग वेगळा निघाला, आणि माल परत येतो. म्हणून एका फोटोचा रंग नीट बसवायचा आणि तोच बाकी सगळ्यांवर चढवायचा. मी इतकी वर्षं हेच करत आलो. विचार न करताही हात चालत राहतो.

परदेशातल्या एका संग्रहालयाचं काम आम्हाला मिळालं तेव्हा मला त्यात फार काही वेगळं वाटलं नाही. फोटो पक्ष्यांचे होते, तेही जुन्या, कापूस भरून जपून ठेवलेल्या पक्ष्यांचे. ते उताणे पडलेले, डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस, पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. प्रत्येकाशेजारी रंगांच्या चौकटींची एक पट्टी ठेवलेली.

तपासणीला ताई होत्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, नवरा फौजेत, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव. प्राणिशास्त्राची पदवी घेतली होती, पण कुठे टिकून नोकरी झाली नव्हती. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. पहिल्याच आठवड्यात त्या मला दादा म्हणायला लागल्या आणि डब्यातला खर्डा माझ्या ताटलीत येऊ लागला. हे काम आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आफ्रिकेतल्या जंगलातल्या फॉरेस्ट रॉबिनचे फोटो आले, तेव्हा मूळ नमुना म्हणजे काय हे त्यांनीच मला समजावलं. हा पक्षी चिमणीएवढा, गळा नारिंगी, डोळ्यापुढे पांढरा ठिपका. नव्या जातीला नाव देताना अभ्यासक एका पक्ष्याकडे बोट दाखवून सांगतो, ही ती जात. मग तो एक पक्षी कायमचा जपून ठेवतात. पुढे कुणाला शंका आली, तर त्याच्याकडेच परत यावं लागतं. या रॉबिनची जात एकच की अनेक, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. गळ्याचा नारिंगी किती गडद, पाठ राखाडी की हिरवट, असल्या बारीक फरकांवरही तो वाद चालतो.

हे सगळं मी ऐकलं, मान डोलावली आणि संध्याकाळी एका पक्ष्याचा रंग नीट बसवून बाकीच्यांवर चढवून टाकला. कुर्त्यांसारखा.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या टेबलापाशी आल्या.

"दादा, ह्यांचे गळे सगळे एकसारखे दिसायला लागलेत."

"एकाच जातीचे असतील."

"तसं कसं? तिकडून आलेत तेच असे आलेत का?"

मला तेव्हाच कळलं. पण काम आधीच रखडलं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून करायचं म्हणजे मॅनेजरसमोर उभं राहणं आलं. मी म्हणालो, "असेच आलेत." त्या थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असणार. आणि त्यांनी फोटो पास केले.

संग्रहालयाची तक्रार यायला फार दिवस लागले नाहीत. रंगांची पट्टी सगळीकडे एकच वापरलेली, ती प्रत्येक फोटोत सारखीच दिसायला हवी होती. आमच्याकडून गेलेल्या फोटोंत पक्षी सारखे आणि पट्ट्या निरनिराळ्या झाल्या होत्या. मॅनेजरने आम्हा दोघांना आत बोलावलं आणि हे कुणी पाहिलं होतं, असं विचारलं. मी म्हणालो, तपासणी यांच्याकडे होती. यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होतो.

महिनाअखेरीस त्यांचं काम थांबवलं. संग्रहालयाकडे मूळ फोटो होतेच, ते आम्ही पुन्हा नीट करून दिले. एक गळा जळत्या निखाऱ्यासारखा, दुसरा फिका, पिकत आलेल्या पपईच्या सालीसारखा. ते काम मीच केलं. शेजारची खुर्ची रिकामी होती.

त्यानंतर मुरलीपुऱ्यात घरी जेवायला बसलो की बायको विचारायची, ताईंचा फोन नाही आला बऱ्याच दिवसांत? मी म्हणायचो, त्या कामात असतील.

या वर्षी त्यांचा फोन आला. नवऱ्याची बदली झाली होती, निघायला अजून थोडे दिवस होते. नव्या गावातल्या एका कॉलेजच्या प्राणिसंग्रहात जागा होती, पण तिथले लोक आमच्या ऑफिसात चौकशी करणार होते. "तेवढं माझ्याबद्दल वाईट सांगू नका म्हणावं साहेबांना," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग म्हणाल्या, "माझी चूक झाली ती झाली. तेव्हापासून रंगाचं काही बघायचं म्हटलं की भीती वाटती वो. पोरीचा ड्रेस घेतानासुद्धा तिलाच विचारते, हा निळाच हाय न्हवं?"

इतके दिवस मी धरून चाललो होतो की त्यांना माझं खोटं कळलं असेल आणि त्या गप्प राहिल्या असतील. तसं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मात्र मी नकळत चुकलो आणि पट्ट्यांतला फरक आपल्याच डोळ्यांना दिसला नाही, असं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला सगळं सांगितलं. तो हिंदीत म्हणाला, गड़े मुर्दे, पुरलेली मढी, कशाला उकरता. कॉलेजचा फोन आला तर खरं काय ते सांगेन, एवढं मात्र त्याने कबूल केलं. माझं काय करायचं, ते नंतर बघू म्हणाला.

मग मी तिलक नगरला गेलो. ताई तिथे एका घरात मुलांच्या शिकवण्या घेत होत्या. मुलं बाहेर पडली, तशा त्या चप्पल घालत दारात आल्या आणि मला पाहून हसल्या. चहा घेणार का म्हणाल्या. मी नको म्हणालो. चहा घेतला असता तर इतर गोष्टी निघाल्या असत्या आणि मी तसाच परत आलो असतो.

"ताई, तुम्हाला जे दिसलं होतं ते बरोबर होतं," मी म्हणालो. "ते फोटो तसे आलेच नव्हते. गळे मी सारखे केले होते. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं, तरी मी खोटं बोललो, आणि पुढे केबिनमध्ये गप्प बसलो. तुमचे डोळे चुकले नव्हते. मला माफ करा."