आमची पेंगणी आणि वर्गातलं बारसं

आज वर्गात आमच्या शेताचं बारसं झालं. तेही दुसऱ्यांदा!

मी रिअल इस्टेटमध्ये एमबीए करतेय. आज प्रत्येक गटाला नकाशावरची एखादी रिकामी जागा निवडून तिथल्या प्रकल्पाला नाव द्यायचं होतं. "तू पेणची ना? मग खाडीकाठची घेऊ," म्हणत मैत्रिणीने स्क्रीनवर बोट ठेवलं, ते नेमकं आमच्या शेतावर.

बांध फुटून खारं पाणी शिरल्यापासून तिथे भात होत नाही. वरून बघणाऱ्याला ती जागा रिकामीच दिसणार.

"क्रीक ब्रीझ!" मैत्रीण म्हणाली. सगळ्यांना आवडलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, तिला नाव आहे. पेंगणी." सगळा गट हसला.

कापणीच्या दिवसांत दुपारची भाकरी खाल्ली की त्या बांधावर असा वारा सुटायचा, की बसल्या जागी सगळे पेंगायचे. आजी, आत्या, मी, अगदी बैलसुद्धा. म्हणून पेंगणी.

संध्याकाळी आईला फोन केला. तिने विचारलं, "क्रीक ब्रीझ म्हंजे काय गो?"

"खाडीचा वारा."

"मंग बरोबर हाय की!" ती हसली. "पन फ्लॅटवाल्यांना दुपारची झोप मिळंल का गो?"

प्रकल्पाचं नाव क्रीक ब्रीझच ठरलं. फाईल मात्र मी 'पेंगणी' नावाने सेव्ह केलीय.

तुमच्या शेताचं नाव काय होतं? खाली लिहा. नकाशावर ती नावं सापडत नाहीत.