न घेतलेली ओवाळणी

"दादाले विचारा," असं म्हणून बाई डोक्यावरचा पदर पुढे ओढायच्या, की बोलणं संपलं. चांद्याला त्यांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची सागवानाची वखार होती. गिऱ्हाईक फाटकाशी बसलेल्या बाईंना भाव विचारी. त्या त्याला वखारीच्या मागच्या टोकाला दादांकडे धाडत. दादा ओंडक्यावरून नजर न काढता म्हणत, "मी काय सांगू? बाईले विचारा." चांद्याच्या उन्हात अशा फेऱ्या झाल्या, की गिऱ्हाईक मिळेल त्या भावाला राजी होई. मी गावातल्या शाळेत मास्तर, समोरच राहायचो. शाळा सुटली की ही फुकटची करमणूक बघत बसायचो.

बाई नांदायला गेल्या होत्या, पण वर्षाच्या आत परत आल्या त्या कायमच्या. दादांची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. बाईंनी अंगावरचे दागिने मोडून दिले तेव्हा वखार उभी राहिली, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. दादा तर ते विसरलेच नाहीत. दर भाऊबीजेला ते ताटात वखारीची किल्ली टाकत. "घे, अर्धी वखार तुही."

बाई ओवाळून होताच किल्ली परत त्यांच्या हातात कोंबत. "राहू दे तुह्यापाशीच. मी कुठी चालली?"

हे दरवर्षीचं भांडण आम्ही शेजारी अनारसे खात पाहायचो.

एका दुपारी दादा ओंडक्यावर बसल्या बसल्या गेले. मेलेल्या माणसाच्या मिळकतीवर सरकारने नुकताच कर बसवला होता. सगळं बहिणीकडे आलं आणि पाठोपाठ नागपूरहून साहेब आले. वखार पुरती दादांची धरली, तर कर भरायला तीच विकावी लागणार होती. अर्धी बाईंची ठरली, तर वाचत होती.

साहेब भला माणूस. त्यांनी घास अगदी तोंडाशी आणून दिला. "बाई, भाऊ दरवर्षी अर्धी वखार तुम्हाला देत होते म्हणे?"

"देत होता ना."

"मग अर्धी तुमचीच की!"

"म्यां घेतली कुठी? परत देत होती."

मला राहवेना. "बाई, दागिने तुमचे होते. नुसतं हो म्हणा!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, हो म्हनलं म्हंजे आमी वेगळे झालो असंच ना? जितेपनी वेगळे नाई झालो. आता तो गेल्यावर होऊ काय?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मला बाईंचा भयंकर राग आला, आणि घरी येऊन मी रडलो.

वखार राजुऱ्याच्या एका व्यापाऱ्याने घेतली. बाई आमच्या शेजारी भाड्याच्या खोलीत आल्या, पण सकाळ झाली की सवयीने फाटकाबाहेरच्या दगडावर जाऊन बसत. नवा मालक त्यांना उठवत नसे.

पुढच्या भाऊबीजेपर्यंत बाई राहिल्या नाहीत. त्याआधीची एक सकाळ मात्र माझ्या मनातून जात नाही. पोंभुर्ण्याकडचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"बाई, दाराची चौकट पायजे. काय भाव?"

"दादाले विचारा." पदर पुढे आला.

तो बिचारा मागच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. "बाई, तिथी तर कोनी नाई."

बाईंनी मान वर केली नाही. थोडं सरकून त्यांनी दगडावर जागा केली.

"मंग बसा जरासं," त्या म्हणाल्या. "मी बी त्याच्यासाठीच बसली आहो."