दत्ताच्या वाटणीची बिअर

राव, आज दुपारी आम्ही तिघं आकुर्डीत बिअर फेस्टिव्हलला गेलो. एकेकाळचे भोसरीतले रूम पार्टनर आम्ही.

आंब्याची बिअर, कॉफीची बिअर, कसली कसली बिअर! चवीपुरती, इवल्याशा ग्लासात.

आमचा चौथा पार्टनर दत्ता. तो तेव्हा कायम सेकंड शिफ्टला, रूमवर यायला मध्यरात्र व्हायची. त्याच्या वाटणीची बिअर आम्ही स्टीलच्या पेल्यात काढून वर ताटली झाकायचो. गॅस गेलेली, कोमट, तरी गडी मिटक्या मारत प्यायचा.

आज बोलता बोलता आमच्यातल्या सुनीलने एका भरल्या ग्लासावर कागदी प्लेट झाकली. कुणीच हसलं नाही.

दत्ता आता गावी, उदगीरला असतो. लगेच व्हिडिओ कॉल लावला. आमची तोंडं बघून त्याचा पहिला प्रश्न, "माझी झाकून ठेवली का रे?"

आता तुम्हीच सांगा भावांनो, ती बिअर आमच्या घशाखाली कशी उतरणार?