वन्सं आणि फुटबॉलचं हेलिकॉप्टर

माझ्या थोरल्या नणंदेइतकं मन लावून आणि निष्ठेने रागावणारं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. बाकीची माणसं रागावतात, चहा पितात आणि विसरतात. वन्सं विसरत नसत. रात्री झोपताना राग जिथे सोडला असेल तिथूनच सकाळी दात घासता घासता पुढे सुरू करत. त्यांना 'वन्सं' म्हणायला सासूबाईंनी लग्नाच्या आठवड्यातच शिकवलं आणि हा शब्द माझ्या पिढीत कुणी वापरत नाही हे कळेपर्यंत तो माझ्या जिभेवर पक्का बसला होता. आम्ही राहतो त्या आखाती दोह्यातल्या मैत्रिणींना ते त्यांचं नावच वाटायचं. एकीने तर आमंत्रणाच्या मेसेजमध्ये 'डॉक्टर वन्सं' असं लिहून पाठवलं होतं, आणि वन्संनी ते चालवून घेतलं. स्वतःच्या नावाबद्दल रागवायला त्यांना सवडच नव्हती.

वन्सं नाशिकच्या, बिनलग्नाच्या, आणि त्यांचा व्यवसाय जंतांचा. म्हणजे माणसाच्या अंगात बिऱ्हाड थाटणारे जंत, त्यांची पिल्लावळ आणि तिची ने-आण करणाऱ्या माश्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ब्राझीलच्या उत्तर टोकाच्या घनदाट जंगलात काढली होती. तिथे रस्ता नाही. आदिवासी वस्त्यांपर्यंत जायचं तर होडीने, नाहीतर हेलिकॉप्टरने. त्या वस्त्यांजवळच्या खळाळत्या ओढ्यांवर तिळाएवढी काळी माशी असते. ती चावली की एक जंत अंगात शिरतो, त्याची पिल्लं कातडीखाली हिंडत राहतात, माणूस खाजवून खाजवून बेजार होतो, आणि काही वर्षांनी ती डोळ्यांत पोचली की आंधळा होतो. ह्यावर गोळी आहे. साधी, वर्षातून दोनदा घ्यायची. पण मोठा जंत तिने मरत नाही, पिल्लंच मरतात, म्हणून मध्ये खंड न पाडता वर्षानुवर्षं ती द्यावी लागते. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण रक्ताच्या थेंबावरून हा रोग ओळखायची चाचणी तयार करायला वन्सं दोह्यातल्या एका संशोधन संस्थेत आल्या आणि घर मिळेपर्यंत म्हणून अल सद्द भागात आमच्याकडे उतरल्या. घर त्यांना मिळालं नाही, कारण त्यांनी ते शोधलंच नाही.

आल्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर जंत आले. पाहुण्यांनी भीत भीत विचारावं, "केवढा असतो हो तो?" आणि वन्संनी समोरच्या खिरीतली शेवई चमच्याने उचलून दाखवावी. खीर उरायची. माझी मुलगी इंग्रजी शाळेतली, मराठी समजणारी पण उत्तर इंग्रजीत देणारी. ती म्हणायची, "आत्या, नॉट ॲट डिनर, प्लीज." त्यावर वन्सं म्हणत, "बाळ, तो जेवणाच्या वेळेलाच येतो." मदिनत खलीफामध्ये एका व्हिलात हळदीकुंकू होतं. अंगणात मुलांसाठी हौसेने वाळूचा हौद केला होता. वन्संनी वाण हातात घेतलं, हौदाकडे एकदा पाहिलं आणि यजमानीणबाईंना विचारलं, "ह्यात मांजरं बसतात का?" बाई कौतुकाने म्हणाल्या, हो, तीन-चार येतात. मांजरांच्या विष्ठेतून वाळूत कोणते जंत उतरतात ते वन्संनी सांगितलं, आणि पुढच्या पाच मिनिटांत सगळी मुलं हौदाबाहेर, ओळीने, हात धुवायला. बाईंनी पुढच्या वर्षी आम्हाला बोलावलं नाही. हौदावर झाकण मात्र बसवलं.

पण ह्या झाल्या किरकोळ चकमकी. खरा राग वेगळा होता, आणि तो दोह्यात आल्यावर वाढला. ते फुटबॉलच्या विश्वचषकाच्या तयारीचे दिवस होते. गाव सगळं खणून ठेवलेलं. आज ज्या रस्त्याने ऑफिसला जावं तो उद्या नाहीसा. माझा नवरा स्टेडियमच्या कामावर इंजिनीयर. तो घरी येऊन सांगायचा, अमुक छप्पर जहाजाने आलं, तमुक यंत्र विमानाने उतरवलं. तो अभिमानाने सांगे आणि वन्सं घास थांबवून ऐकत. एकदा म्हणाल्या, "म्हणजे मनात आणलं तर काहीही कुठेही पोचवता येतं."

"येतं ना, ताई," नवरा म्हणाला.

"मग मला इतकी वर्षं खोटं सांगत होते."

त्यांची हकीकत अशी होती. जंगलातल्या माणसांच्या कातडीचे तिळाएवढे तुकडे तपासायला आणताना हेलिकॉप्टर मिळायचं. शोधनिबंध लिहायचे असायचे. गोळ्या परत न्यायची वेळ आली की इंधन नाही, पायलट नाही, हवा खराब. गोळ्या नदीच्या खालच्या अंगाच्या गावात खोक्यात पडून राहायच्या आणि वर वस्तीत एखाद्याची दृष्टी जायची. "कातडी न्यायला वाहन आहे, औषध आणायला नाही," वन्सं म्हणत, "ह्याला संशोधन म्हणायचं का?" हे त्यांनी संस्थेच्या संचालकांनाही विचारलं होतं. आमच्या इमारतीच्या वॉचमनलाही विचारलं होतं. त्याने बिचाऱ्याने "नहीं मॅडम" म्हणून योग्य उत्तर दिलं होतं.

अशात वेस्ट बेच्या एका हॉटेलात समारंभ ठरला. फुटबॉलच्या निमित्ताने जगातल्या दुर्गम मुलांसाठी काहीतरी करायचं, असं काहीतरी. संयोजकांनी वन्संच्या संस्थेला विचारलं, तुमच्याकडचं कुणी जंगलाबद्दल दहा मिनिटं चांगलं बोलेल का. संचालकांनी वन्संना पाठवलं. माणूस ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरू शकणार नाही. नवऱ्याच्या कंपनीनेही एक टेबल घेतलं होतं, म्हणून आम्ही होतो. वन्सं माझी मोरपंखी पैठणी नेसल्या होत्या आणि पायात जंगलातले बूट होते.

दिवे मंद झाले, पडद्यावर फिल्म लागली. नदी, झाडं, हेलिकॉप्टर, आणि त्यातून जाळ्या भरभरून उतरणारे फुटबॉल. निवेदक म्हणाला, पुढच्या महिन्यात हे हेलिकॉप्टर खरोखरच जाणार आहे. त्याने नदीचं नाव घेतलं. वन्संची ती नदी. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सूपचा चमचा हळूच खाली ठेवला.

त्या व्यासपीठावर गेल्या. तिथे शोभेला एक फुटबॉल ठेवला होता, तो उचलला. बोलल्या इंग्रजीत, मी मराठीत सांगते. "ह्या वस्त्यांची औषधं खालच्या गावात पडून आहेत. मला सांगतात, हेलिकॉप्टर नाही. आज कळलं, आहे. एका वस्तीच्या वर्षभराच्या गोळ्या ह्या एका बॉलमध्ये मावतील. ह्यातली हवा काढा आणि गोळ्या भरा. ज्या मुलांना तुम्ही बॉल देताय, त्यांना तो दिसायला हवा ना?"

संयोजक हसत हसत पुढे आला. चांगला सूट, मऊ आवाज. "डॉक्टर, हेल्थ इज अ सेपरेट बजेट."

"हे माशीला सांगा," वन्सं म्हणाल्या.

एकाच माणसाने टाळी वाजवली. एकट्याने, मोठ्याने, थांबला नाही. तो माझा नवरा होता. सिग्नलला मागच्याने हॉर्न दिला तरी "सॉरी" म्हणणारा माझा नवरा. दोन टेबलं सोडून त्याचा साहेब बसला होता.

परतताना गाडीत नवरा म्हणाला, "ताई, ह्याच महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय." वन्सं खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "खुळा आहेस." पण आवाज नेहमीचा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून वन्सं रोज दुपारी संयोजकाच्या ऑफिसात जाऊन बसू लागल्या. डबा घेऊन. रिसेप्शनवरची मुलगी आधी म्हणायची, सर मीटिंगमध्ये आहेत, उद्या इन्शाल्ला. पुढे पुढे ती स्वतःच्या पायावरचा खाजणारा चट्टा वन्संना दाखवू लागली, तिच्यामागून अकाउंट्सवाले आले, आणि त्या चकचकीत मजल्यावर वन्संची ओपीडी सुरू झाली. संयोजक शेवटी शरण आला. गोळ्या नेऊ, डॉक्टरांनीही सोबत यावं. अट एकच. आधी इथे बॉल हातात धरून एक हसरा फोटो आणि तिथे मुलांबरोबर एक फिल्म.

त्या संध्याकाळी पॅसेजमधल्या आरशासमोर वन्सं बराच वेळ उभ्या होत्या. मला हाक मारली. "अगं, हसताना दात दाखवायचे की नाही?"

मी म्हटलं, "थोडे."

त्यांनी दाखवले. मग तोंड मिटून म्हणाल्या, "ज्यांच्यावर ओरडायला हवं त्यांच्याकडे बघून हसायचं. माणसाच्या अंगावर जगणारे जंतसुद्धा असलं काही मागत नाहीत." त्यांचे डोळे भरून आले होते. दुःखाने नव्हे, संतापाने. मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

फोटो निघाला. वन्सं गेल्या, काही आठवड्यांनी परत आल्या, आणि आमच्या टेबलावर शांत बसून जेवू लागल्या. आम्ही घाबरलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भाजी निवडताना आपणहून सांगू लागल्या.

त्या वस्तीत एक बाई होती, वन्संच्याच वयाची. तिनेच वन्संना तिथली भाषा शिकवली होती आणि उच्चार चुकले की हसून लोळायची. हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा गोळ्यांच्या आधी बॉल उतरवतात म्हणून वन्सं पायलटवर ओरडत होत्या. तेवढ्यात ती बाई नातीच्या खांद्यावर हात ठेवून आली. मधल्या खंडात तिचे डोळे गेले होते. आवाज ऐकून नातीला म्हणाली, "ती आली." मग वन्संचं तोंड हातांनी चाचपून पाहिलं. "म्हातारी झालीस," म्हणाली, "ओरडणं तेवढं जुनंच आहे." वन्संनी तिला गोळी दिली. डोळे परत येणार नव्हते, खाज तरी थांबेल. हे दोघींना ठाऊक होतं.

"मग फिल्मवाल्याने तिच्या हातात बॉल दिला," वन्सं म्हणाल्या, "आणि सांगितलं, जरा आनंदाने धरायला सांगा. मी भाषांतर केलं. शब्द न् शब्द. तिने बॉल चाचपला, तो कुठून बोलतोय ते ऐकलं, आणि फेकून मारला. नाकावर बसला. सगळी वस्ती हसली."

फिल्म इथे मॉलच्या पडद्यांवर बरेच दिवस चालली. त्यात तो भाग नव्हता. वन्संचं हसू होतं, थोडे दात दाखवलेलं.

नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं, साहेबाने त्या टाळीचा विषयही काढला नाही. वन्संनी मात्र नोकरी सोडली. "चाचणी दुसरं कुणीही पुरी करेल," म्हणाल्या. "पुढच्या गोळ्यांच्या वेळी भांडायला तिथे कुणीतरी हवं." सामने सुरू व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता. विमानतळावर त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि काउंटरवरच्या माणसाशी बॅगेच्या वजनावरून वाद घालायला निघून गेल्या.

परवा एका जेवणात कुणीसं म्हणालं, "अशा ठिकाणी राहतातच कशाला ते लोक? शहरात यावं." मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. खीर उरली एवढं खरं. घरी येताना मुलगी म्हणाली, "आई, यू साउंडेड जस्ट लाइक आत्या." आणि मग, अडखळत, मराठीत, "तिला फोन कर ना."

मी केला. वन्सं नदीच्या वर असल्या की त्यांचा फोन लागत नाही. पलीकडून रेकॉर्ड केलेली एक बाई पोर्तुगीजमध्ये काहीतरी लांबलचक सांगते. मला त्यातलं अक्षर कळत नाही. तरी मी फोन ठेवत नाही, तिचं सांगून होईपर्यंत ऐकत राहते.